चाल: स्वतःची

आमच्या अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या. दिवसा चितेगावच्या कंपनीत मशीन, रात्री गायन पार्टीत मंडोलिन. जयंतीच्या महिन्यात तर ते घरी फक्त अंघोळीला यायचे. विहाराच्या पटांगणात स्टेज, पुढं गायक, बाजूला ढोलकी आणि पार कोपऱ्यात अण्णा, ज्यांच्या वाट्याला धड माईकही कधी आला नाही. गाण्याचे शब्द चळवळीचे असायचे आणि चाल सिनेमाची. त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही, कारण चाल ओळखीची निघाली की लोक पहिल्या ओळीलाच टाळ्या धरायचे.

अण्णांना सारेगम येत नव्हतं. ते आकड्यांत लिहायचे. कंपनीतल्या रद्दी कागदाची कोरी बाजू घ्यायची, वर 'चाल' लिहून पुढं सिनेमाच्या गाण्याची पहिली ओळ टाकायची आणि खाली आकड्यांच्या जोड्या: कितवी तार, दांडीवरचा कितवा पडदा. ते गेले तेव्हा गारखेड्याच्या घरात या कागदांचा एक गठ्ठा उरला आणि खुंटीवर मंडोलिन.

त्या गठ्ठ्यात एकाच कागदावर सिनेमाचं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, 'चाल: स्वतःची'.

आईला हे ठाऊक होतं. "ती फक्त माझ्यापुढं वाजवायचे," ती म्हणाली.

"गुणगुणून दाखव ना."

"आता आठवत नाय गं. पण ऐकली की वळखीन." मग म्हणाली, "यंदा त्यांच्या पुण्यस्मरणाला ती वाजव. एकदा कानावर पडू दे. मग मला काय बी नको."

मी शाळेत संगीत शिकवते. म्हटलं, त्यात काय एवढं! मंडोलिनला नव्या तारा चढवल्या आणि कागद पुढं ठेवून बसले. जे काही निघालं ते ऐकून शेजारच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली.

मग डोकं चालवलं. सिनेमाची गाणी तर मला येतच होती. ती आकड्यांशी ताडून पाहिली. तेव्हा कळलं की मी बारीक तार पहिली धरत होते आणि अण्णा जाड तारेपासून मोजत होते. मांडीवर वाद्य घेऊन वरून बघणाऱ्या माणसाला आधी तीच दिसते. आकड्याखालची वाकडी रेघ म्हणजे बोट न उचलता पुढच्या पडद्यावर घसरायचं, हेही उमगलं. एकेक गाणं बोलू लागलं. मी ते सारेगममध्ये उतरवून काढत होते आणि इतकी खुशीत होते की त्या आठवड्यात शाळेत एकाही पोरावर ओरडले नाही.

शेवटी त्यांची स्वतःची चाल घेतली. सूर एकूण एक मिळाले. पण कोणता सूर किती वेळ धरायचा, हे कुठंच नव्हतं. अण्णांनी ते कधीच लिहिलं नव्हतं. सिनेमाच्या गाण्यात लिहायची गरजच नव्हती, ते अख्ख्या गावाला पाठ असायचं. आणि स्वतःची चाल तर त्यांच्या हातात होती, मग लिहायचं कुणासाठी? शब्द असते तर अक्षरांवरून अंदाज बांधला असता. शब्दही नव्हते. त्याच सुरांची अंगाई होत होती आणि वरातही होत होती. मला अण्णांचा असा राग आला की काय सांगू. एवढे आकडे लिहिलेत, चार मात्रा लिहायला काय झालं होतं?

पार्टीतले ढोलकीवाले काका तेवढे हयात आहेत. त्यांना फोन लावला.

"स्वतःची चाल?" काका हसले. "आन ती कोण ऐकणार होतं बेटा? पब्लिकला सिनेमाच पायजे असायचा. ती स्टेजवर कधी आलीच नाय."

म्हणजे ऐकणारी एकटी आईच. मी दादरा तालात एक चाल बसवली आणि तिच्यापुढं वाजवली. तिनं डोळे मिटले. "व्हय, हीच," ती म्हणाली. तिचा हात मांडीवर ठेका धरत होता. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शंका आली. तेच सूर केरवा तालात, चढ्या लयीत वाजवले. "व्हय गं, हीच." मग मी कागदाच्या शेवटच्या आकड्यापासून सुरुवात केली आणि उलटी वर गेले. अण्णांनी ते तसं कधी स्वप्नातही वाजवलं नसेल. आईनं पदरानं डोळे पुसले. "हीच. लई दिसांनी ऐकली बघ."

मी मंडोलिन खुंटीला लावलं आणि चहा ठेवला.

पुण्यस्मरणाला मी दादऱ्यातली वाजवली. कुणीतरी विचारलं, ही अण्णांची का? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "व्हय, त्यांची स्वतःची."

परवा ती तांदूळ निवडत बसली होती आणि गुणगुणत होती. मी दारातच थांबले. सूर अण्णांचे होते आणि लय मी बसवलेली, अगदी जिथं मी उगाच थांबले होते तिथंही ती थांबत होती. तिच्या मनाच्या कोपऱ्यात अण्णांची चाल कुठं उरली असेलच, तर तिच्यावर आता माझी बसली आहे.