मॅडमच्या आवाजामागचा आवाज

त्या मॅडमचा आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. काय गोड! आणि मॅडम मुळात अस्तित्वातच नव्हत्या.

वारज्याच्या एक मेकअप करणाऱ्या ताई फिर्याद द्यायला आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. मागोमाग पाच जण आले, त्यांच्याविरुद्धच फिर्याद द्यायला! चित्रीकरणाच्या धंद्यात एकाला फोन येतो आणि तो आपली माणसं गोळा करतो. एका नामांकित निर्मातीचं नाव सांगत ‘मॅडम’ ताईंशी बोलल्या होत्या. लंडनला चित्रीकरण, व्हिसाचे पैसे त्यांच्या मॅनेजरकडे. ताईंनी भरले, पाच जणांना भरायला लावले. आता मॅनेजर फोन उचलत नव्हता. मॅडम मात्र लंडनहून बोलतेय असं सांगत ताईंकडे आणखी माणसं मागत होत्या.

“हिचं कमिशन असणार,” पाचांतला साउंड रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“दादा, इतकी वर्षं एकत्र काम केलंय आपण!”

“म्हणून तर भरले, ताई.”

मी येरझाऱ्या घालत होतो. यामागे टोळीच असणार, आणि तिने सिम फेकलं की सगळंच संपलं. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. मॅडम! मी खुणेनेच बोलायला सांगितलं, संभाषण रेकॉर्ड केलं.

रेकॉर्डिस्टने हेडफोन लावून डोळे मिटले. “साहेब, लंडनमध्ये कांद्याचा लिलाव होतो का हो?”

मग त्याने मॅनेजरचा जुना व्हॉइस मेसेज ऐकला. त्यातही मागे तोच माणूस बोली पुकारत होता.

आमच्या हवालदारांनी क्लिप मार्केट यार्डातल्या हमालांना ऐकवली. “अहो, हे बोली पुकारणारे तर आमचे अण्णा!” अण्णांच्या गाळ्यावरच्या खोलीत तिशीचा एक इसम सापडला. टोळीबिळी काही नाही, एकटाच.

चौकशीत तो साळसूदपणे बसून राहिला. मी क्लिप लावली. मॅडम बोलू लागल्या आणि त्याचे ओठ नकळत हलू लागले.

“मॅडमची भूमिका झकास वठवलीस,” मी म्हणालो.

“खरंच, साहेब?” त्याने विचारलं, आणि जीभ चावली.

ताईंनाच का गाठलंस, या प्रश्नाचं उत्तर जबाबात आहे: “मी आधी माहिती काढली होती. यांच्या शब्दावर माणसं डोळे झाकून येतात.”

तेवढं वाक्य मी पाचही जणांना वाचून दाखवलं. नियमात बसतं का, विचारू नका. मग रेकॉर्डिस्ट ताईंकडे न बघता म्हणाला, “सोमवारी वाघोलीत काम आहे. येताय?”

“निर्मात्याला आधी भेटते. मग सांगते.”

त्या माणसाने ताईंचा चांगुलपणा हेरून त्यांना गाठलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, फसून आलेल्या माणसाला ‘तुम्हाला कळलं कसं नाही?’ असं मी कधी विचारलं नाही.