जेवायचा हात ओढा!

माझी लेक रेणू पहिल्यांदा छत्रीनं उडाली, तेव्हा मी नवस बोलले होते: पोरगी सुखरूप उतरली तर वर्षभर मंगळवारी अळणी जेवीन. ती उतरली. मी अळणी जेवले. पण माझी भीती काही उतरली नाही, उलट किस्से साठत गेले. डब्यातल्या शेवयांसारखे, एक काढायला जावं तर चार सोबत येतात!

आमचे हे फौजेतून निवृत्त झाले आणि आता हिंगणीजवळच्या पडीक शेतात चार-सहा हौशी लोकांना उडायला शिकवतात. जीप दोरीनं ओढत वर चढवते, मग दोरी सुटते आणि माणूस छत्रीखाली तरंगत उतरतो. ही छत्री गोल नसते. उशांच्या अभ्र्यांची शिवलेली रांगच म्हणा. पुढच्या तोंडांतून वारा शिरला की फुगून तिचा पंख होतो.

मी यांना विचारलं, "अन् वारा नाई शिरला तर?"

"मग अभ्रेच!"

त्या दिवशी वरणाला दोनदा फोडणी बसली.

*

माणसाच्या दोन हातांत दोन दोऱ्या असतात. उजवी ओढली की पंखाची उजवी कड खाली वाकते, त्या बाजूचा वेग मंदावतो आणि छत्री उजवीकडे वळते. समुद्रपूरचे एक किराणावाले काका उजवं-डावं नेमकं विसरायचे. एकदा ते थेट विजेच्या तारांकडे निघाले. हे वायरलेसवर ओरडले, "जेवायचा हात ओढा! जेवायचा हात!"

काका आणखीच तारांकडे वळले! मी डोळे गच्च मिटले. मधल्या बाभळीनं झेललं म्हणून वाचले.

काटे काढता काढता काकाच रागावले, "मी त डाव्यानंच जेवतो ना जी!"

*

नामदेवभाऊंचा जन्म बैलांमागे गेलेला. दोन्ही कासरे ओढले की बैल थांबतात. भाऊंनी दोन पुरुष उंचीवर दोन्ही दोऱ्या कंबरेपर्यंत खेचल्या! अगदी टेकताना हे चालतं, वर नाही. वर पंखाचा वेगच संपतो आणि तो उडणं सोडतो. भाऊ तुरीत धपकन!

यांनी विचारलं, "काऊन ओढल्या दोन्ही?"

"थांबवाले."

"मग?"

"छत्री थांबली जी. मीच नाई थांबलो!"

*

उतरताना वाऱ्याकडे तोंड लागतं, म्हणजे वेग कमी होतो. एकदा हे सकाळीच माझ्या तुळशीपाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, भक्ती जागली!

"अगरबत्ती हलवू नको. धूर कुठं जाऊन राह्यला ते पाहू दे."

"आधी देवाकडं पाहा!"

"आज देव पश्चिमेकडून येऊन राह्यला!"

*

मागच्या रविवारी रेणू खूप वर होती. वारा एकाएकी फिरला, झटका बसला आणि घाबरून तिनं दोन्ही दोऱ्या कंबरेपर्यंत ओढून धरल्या. छत्री मागे कलंडायला लागली. यांनी वायरलेस तोंडाशी नेला. पण हजारदा शिकवलेलं लेकीसाठी आठवेना. मी तो हिसकावला. मला एकच सुचलं.

"रेणू, माय! देवाले हात जोड! दोन्ही हात जोड!"

वर तिनं दोऱ्या सोडल्या आणि छातीशी हात जोडले. छत्री एकदा पुढे झेपावली, फुगली आणि सरळ उडायला लागली.

रेणू सुखरूप उतरली. छत्री गुंडाळता गुंडाळता हे मला म्हणाले, "हे मले शिकवण्यात घ्या लागते."

उद्या सकाळी ती पुन्हा उडणार आहे. तुम्ही पोळ्या लाटत असाल तरी लाटणं बाजूला ठेवा, आणि दोन्ही हात जोडा.