गच्चीवरचा रिकामा वेळ

मी त्या मुलीबद्दल खोटं एक अक्षरही बोललो नाही. हे वाक्य स्वतःशी इतक्या वेळा म्हटलंय की त्यात आता काही उरलेलं नाही. तरी सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण जे वाटोळं केलं ते खरं बोलूनच केलं.

पलटणीतून सुभेदार होऊन परतलो, साताऱ्यात बरीच वर्षं काढली, आणि बायको गेल्यावर सांगलीला पुतण्याकडे राहायला आलो. त्याचं विश्रामबागेत ऑफिस होतं. दुकानं, क्लासेस, दवाखाने यांच्या जाहिराती लोकांच्या मोबाईलवर पोचवायच्या, असलं काम. पोरंपोरी दिवसभर पडद्यासमोर बसलेली असत. त्यातलं कोण काम करतंय आणि कोण सिनेमाची तिकिटं काढतंय हे पुतण्याला कळेना. मग त्याने एक सॉफ्टवेअर बसवलं. ते प्रत्येकाच्या पडद्याचे मधूनमधून फोटो काढायचं, माउस किती हलला, बटणं किती दाबली ते मोजायचं, आणि नावापुढे एक पट्टी उमटवायचं. हिरवी पट्टी म्हणजे काम. लाल म्हणजे रिकामा वेळ.

"आबा, तुम्ही नुसतं इथं बसा आणि लाल दिसलं की मला सांगा," पुतण्या म्हणाला. "निम्मं काम तर तुमच्या मिशाच करतील."

निवृत्त माणसाला कुणी कामाला लावलं की तो किती हुरळतो, ते सांगून कळायचं नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागलो. जाहिरातीतलं मला काही कळत नव्हतं. हिरवं आणि लाल मात्र कळत होतं.

ती मुलगी मीच तिथं लावली होती. तिचे वडील माझ्याच पलटणीतले. मेढ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. साताऱ्याला राहून मुलगी पदवीधर झाली, आणि स्थळं बघायला सुरुवात होणार तेवढ्यात तिने नोकरीचा हट्ट धरला. वडिलांनी मला फोन केला. "गड्या, सांगलीत तू हाईस म्हणून धाडतोय. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर धाडली नसती. काय कमीजास्त दिसलं तर पयला फोन मला कर." मी शब्द दिला. आमच्यात दिलेला शब्द मोडत नाहीत. पोरीलाही हे ठाऊक होतं. एक तक्रार गेली की परत गाव आणि मांडव, एवढ्या बारीक दोरीवर ती सांगलीत राहिली होती. तिचं स्वप्न तिने मला सांगितलं होतं. कामात तरबेज व्हायचं आणि मग मेढ्याकडचा तांदूळ नि मध स्वतः जाहिरात करून विकायचा. "तुमचाबी फोटो टाकू, काका. सुभेदार छाप मध." असं म्हणून ती खळखळून हसली होती.

तिच्याकडे एका हळद व्यापाऱ्याचं काम होतं. व्यापारी जैन, सांगलीचाच, स्वभावाने जरा कटकट्या. आणि त्याच काळात तिच्या नावापुढची पट्टी लाल व्हायला लागली. सकाळी थोडी हिरवी, मग लांबच लांब लाल. पडद्याचे फोटो बघावेत तर एकच पान, तसंच उघडं. मी उठून शोधलं तर बाई गच्चीवर. कानाला फोन, पाण्याच्या टाकीभोवती येरझाऱ्या, आणि हसणं चाललेलं.

खाली आल्यावर विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"गिऱ्हाइकाशी, काका."

"गिऱ्हाइकाशी एवढं हसतात?"

"बायका हसवतात हो," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

माझा विश्वास बसला नाही. यंत्र म्हणत होतं रिकामा वेळ. यंत्राला काय तिच्याशी वैर होतं?

शेजारीच कराडचा एक मुलगा बसायचा. त्याची पट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवीगार. मी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली आणि मुलीकडे बघून म्हणालो, "याच्याकडून शिका." सगळे खाली माना घालून हसले. मला वाटलं, ते तिला हसताहेत. पुढे चहा पिताना ऑफिसातल्या एकाने सांगितलं, की तो मुलगा माउस मनगटी घड्याळावर ठेवून बाहेर जायचा. काटा फिरला की माउसच्या पोटातला दिवा फसायचा, आणि यंत्राला वाटायचं माणूस काम करतोय. पण हे कळेपर्यंत मुलगी गेलेली होती.

कारण मी तिच्या वडिलांना फोन केला. पुतण्याने सांगितलं नव्हतं. तो तर म्हणाला होता, "आबा, मी बोलतो तिच्याशी, तुम्ही नका मनावर घेऊ." पण मी शब्दाचा माणूस. मी वडिलांना सांगितलं, की मुलगी कामाच्या वेळेत जागेवर नसते, गच्चीवर एकटी फोनवर असते, हसत असते, आणि विचारलं तर गिऱ्हाईक म्हणते.

तो म्हणाला, "बरं केलंस." फोन ठेवला.

त्याने काय अर्थ लावला ते मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं आजवर सांगत आलो, ते खोटं. मी फक्त कामचुकारपणा सांगितला, बाकीचं त्याने मनाने जोडलं, अशी माझी पळवाट होती. तरुण मुलगी, गच्ची, फोन, हसणं. आमच्याकडच्या बापाला आणखी काय सांगावं लागतं?

दुसऱ्याच दिवशी तो ऑफिसवर आला. वर चढला नाही, फाटकापाशी उभा राहिला. मुलगी पिशवी भरायला वर आली. रडली नव्हती. माझ्या टेबलापाशी थांबली.

"काका, तुम्ही मला विचारायचं होतं."

"विचारलं होतं."

"मग मी सांगितलं होतं की."

एवढंच बोलून ती जिना उतरून गेली.

काही आठवड्यांनी हळदवाल्याचा फोन आला, तो मीच उचलला. "आवं, ती पोरगी कुठं हाय? नवीन पोरगा काय लिवतोय, एक गिऱ्हाईक न्हाई!" मी म्हटलं, ती सोडून गेली. त्यावर तो लागला सांगायला. त्याच्याकडून हळद नेणाऱ्या बायकांना ती स्वतः फोन करायची. लोणच्याला कुठली लागते, अंगाला लावायला कुठली, सासूबाई काय म्हणतात, असं बोलत बसायची, आणि त्यांचेच शब्द जाहिरातीत घालायची. ऑफिसात गोंगाट, म्हणून गच्चीवर. बोलणं तिच्या स्वतःच्या फोनवर. यंत्र तिच्या कॉम्प्युटरला बांधलेलं होतं, त्याला ती दिसणार कशी?

मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या आबा, आता दुसरा घेतलाय." मी जाऊ दिलं. तिच्या वडिलांना फोन केला नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तिचं लग्न झालं. पत्रिका आली, मी आहेर पाठवला.

त्यानंतर पलटणीतल्या जुन्या लोकांचा मेळावा साताऱ्यात भरला. तिथं तिच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. "येळेवर सांगितलंस म्हणून अब्रू वाचली, गड्या." मी मान हलवली. खरं बोलायची एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती, आणि मी समोरची जिलबी खाल्ली.

गुडघे दुखतात असं सांगून मी ऑफिस सोडलं. गुडघे दुखत नव्हते.

शेवटी गेल्या वर्षी मेढ्याला गेलो. पडवीत बसून त्याला सगळं सांगितलं. हळदवाला, बायका, गच्ची. तो शेंगा फोडत होता. हात थांबला.

"म्हंजी ती खरंच गिऱ्हाइकाशी बोलत हुती?"

"होय."

"तिनं देवावर हात ठिवून सांगितलं हुतं मला. मी म्हनलं, सुभेदार खोटं बोलंल व्हय?"

मी म्हटलं, तिच्या सासरी जातो, तिच्यासमोर कबूल करतो, हवं तर घरच्या सगळ्यांसमोर.

"अजाबात जायचं न्हाई," तो एकदम म्हणाला. "ती नोकरी सोडून का आली, ते तिथं कुणाला म्हाईत न्हाई. तू जाऊन खरं काय ते सांगशील. मग ते इचारतील, खोटं काय हुतं? तिला राहू दे गप."

"निदान तू तरी तिला सांग."

"काय सांगू? तिची शपथ खरी हुती, आन् बाप वेडा हुता म्हनून?"

तो पुन्हा शेंगा फोडायला लागला. मी सांगायला गेलो तेव्हा वाटत होतं, माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरला नाही. आपण बापाचं काम बरोबर केलं, एवढी एक समजूत त्या माणसाजवळ होती. तेवढ्यावर तो लेकीच्या डोळ्याला डोळा देत होता. ती समजूत मी काढून घेतली. परवा पलटणीतला एक जण सांगत होता, की हल्ली लेक माहेरी आली की तो शेतावर जाऊन बसतो, आणि ती परत जाईपर्यंत घरी येत नाही.