गाठोड्याचं तिकीट

शिरूरच्या स्टँडावर एसटी नीट उभीही राहिली नव्हती, तोवर धाकट्या भावजींनी आपलं उपरणं खिडकीतून आत फेकलं. ते सीटवर पडलं आणि जागा माझी झाली. दारात रेटारेटी चालली होती, तरी आम्ही बाहेर खुशाल बोलत उभे. आपल्याकडची रीतच ती. टोपी टाका, पिशवी टाका, नाहीतर टॉवेल. त्यावर कुणी बसायचं नाही. बसलाच कुणी, तर सगळी गाडी त्याच्यावर तुटून पडते.

"वैनी, मुंबई लई लबाड," भावजी सांगत होते. "कुणी ग्वाड बोललं का समजायचं, त्याचा हात आपल्या खिशाकडं चाललाय. कुणाचा भरवसा धरू नका."

"मला खिसाच न्हाई," मी म्हटलं. सगळे हसले. मग पोचवायला आलेल्या आयाबायांनी डोळ्यांना पदर लावला आणि मलाही हुंदका आवरेना. मिशनच्या बोर्डिंगात उभा जन्म पोरींच्या भाकऱ्या थापण्यात गेला. हे तिथंच बागेचं पाणी बघायचे. हे गेले, तसं मुलगा योहान म्हणाला, आता मुंबईलाच चल, आई. या वयात मी ना म्हणून जाणार कुठं?

बायांनो, भावजींचं ते बोलणं मी पदरात बांधून घेतलं. दौंडला आगगाडीत बसायचं होतं, तर हमालाला ट्रंकेला हात लावू दिला नाही. गाडी येईतो ट्रंकेवरच बसून राहिले. एका पोलिसानं विचारलं, "मावशी, कुठं निघालात?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" बिचारा गप पुढं गेला.

भायखळ्याच्या चाळीतही तीच तऱ्हा. शेजारणीनं माशाचं कालवण आणून दिलं. एवढं प्रेम कशाला, म्हणून आधी मांजराला घातलं आणि तासभर त्याच्यावर नजर ठेवली. मांजर मिशा चाटत बसलं, तेव्हा मी जेवले.

पुढं सुनेला, सुशीलेला, परळच्या दवाखान्यात मुलगी झाली. आपल्यात बाळाच्या अंगाला पहिलं नवं कापड लावत नाहीत, घरच्या थोरांचं जुनं लावतात. मी यांच्या पागोट्याची आणि धोतरांची दुपटी शिवून ठेवली होती. नातीनं आजोबा पाहिले नाहीत, पण त्यांच्या कापडात तरी ती पहिल्यांदा घरी यावी, एवढंच माझ्या मनात. यांचं तेवढंच मागं राहिलं होतं. बाकी सगळं देऊन टाकून आले होते. घरी सोडायचा दिवस आला. योहान कामावरून परस्पर दवाखान्यात येणार होता. शेजारीण म्हणाली, मी येते सोबतीला. मी म्हटलं, नको, मला तोंड आहे.

तेव्हा मुंबईत ट्राम होत्या. नाक्यावर ट्राम आली ती भरत आलेली. खिडकीशी एक जागा मोकळी दिसली. बाई, हात काय मागं राहतो? उचललं दुपट्यांचं गाठोडं आणि खिडकीतून दिलं आत टाकून. नेमकं सीटवर बसलं. मी निवांत दाराकडं निघाले, तर लोक ओरडायला लागले, "ओ बाई, लाइनीत या!" मी म्हटलं, "माझी जागा धरलीय." कोण ऐकतो! घंटा वाजली आणि ट्राम निघाली. आत माझं गाठोडं, बाहेर मी.

"आरं थांबीव! माझं गाठुडं!" म्हणून बोंबलत चार पावलं पळाले. ट्राम कुठली थांबते! यांना दुसऱ्यांदा पुरल्यासारखं झालं मला. नातीला काय लावू आता, बाजारचा कोरा टॉवेल?

तेवढ्यात लाइनीतून एक जण आला. तिरकी टोपी, तोंडात पान, गळ्याला रुमाल. म्हणाला, "मावशी, घाबरू नका. ही दादरला जाते, शेवटचा थांबा. मागच्या ट्रामनं जाऊ. गाठोडं तिथंच मिळेल."

किती गोड बोलला! मला कळून चुकलं, हा त्यांच्यातलाच. एक माल नेतो, दुसरा म्हातारीला आडवाटेला लावतो. पण दुसरा इलाज काय होता? मागची ट्राम आली, तिच्यात बसले, अंग चोरून. तो शेजारी उभा. "तुम्हाला जायचं कुठं होतं?" त्यानं विचारलं. दवाखाना सांगितला तर सून आणि बाळही याला कळणार. मी म्हटलं, "पुण्याला."

"ट्रामनं?"

"व्हय."

परळ गेलं. मी डोळे मिटून देवाचा धावा करत होते आणि एका डोळ्यानं त्याच्या हाताकडं बघत होते.

दादरला ती आधीची ट्राम उभी होती. रिकामी. आणि खिडकीशी, मी टाकलं तिथंच, माझं गाठोडं ऐटीत बसलेलं! मी आधी गाठ सोडून दुपटी पाहिली. सगळी होती. पण गाठीत एक ट्रामचं तिकीट खोचलेलं.

"हे कुणाचं?" मी कंडक्टरला विचारलं.

"गाठोड्याचं!" तो वैतागून म्हणाला. "अख्ख्या गाडीत माणसं उभी, आणि तुमचा गाववाला कुणाला बसू देईना. म्हणे, बाईनं जागा धरलीय. मी म्हटलं, तिकिटाशिवाय जागा नाही, तर त्यानं गाठोड्याचंही तिकीट काढलं."

"कोण गाववाला?"

"मला काय ठाऊक? पाटसचा म्हणत होता. म्हणाला, असं गाठुडं टाकणारी बाई आमच्याच शिरूर-दौंडाकडची असंल, ती मागून येणार. आणि उतरून गेला."

तिरक्या टोपीवाला हसत होता. मी त्याला म्हटलं, "जावा आता तुम्ही." तो निघाला आणि वळून म्हणाला, "मावशी, पुण्याची ट्राम पलीकडून सुटते हां!" मेला! पण मग मलाही हसू फुटलं, आणि त्याला हाक मारून मी परळचा दवाखाना विचारला. दारापर्यंत सोडून गेला. नात पागोट्यात घरी आली.

पाटसच्या त्या माणसाचं तोंडही मी पाहिलं नाही. एवढं फुकट कोण करतं, असा संशय बरेच दिवस घेऊन पाहिला. काही सापडलं नाही.

आता ट्राम बंद झाल्या. भावजी गेले. शिरूरच्या स्टँडावर उतरले तर ओळखीचं माणूस दिसत नाही. तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं, तिथलं का इथलं? काय सांगू? काल बसमध्ये एका सीटवर नुसती पिशवी होती, जवळ कुणी नाही. एक जण ती उचलून बसायला गेला, तशी मी मधे आडवी झाले.

"आजी, तुमची आहे का?"

"न्हाई."

"मग?"

"जिची आसंल ती यील. तवर कुणी बसायचं न्हाई."

सगळी बस माझ्याकडं संशयानं बघत होती. मी दांडा धरून पिशवीपाशी उभी राहिले.