लताबाईंचं नाक

प्लास्टिकचा तुकडा पेटवायचा, फुंकून विझवायचा आणि धूर नाकाशी धरायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर दुधाची पिशवी. उजवीकडे. झेंडूसारखा आला तर आइस्क्रीमचा कप. तोही उजवीकडे. नाकात मिरची गेल्यासारखं झालं, की डावीकडे. लताबाई हे बावीस वर्षं करत होत्या. आधी वाकोल्याच्या भंगारवाल्याकडे, उन्हात. गेली चार वर्षं कांदिवलीच्या गाळ्यात, पंख्याखाली.

त्या गाळ्यात कचऱ्यातून तेल काढत. बंद टाकीत प्लास्टिक तापवायचं, त्याची वाफ टाकीतल्याच मातीच्या थरातून न्यायची, निवली की पिवळं तेल. त्यावर जनरेटर चाले. माती गाळा चालवणाऱ्या सिद्धेश सरांनी शोधलेली. कपबश्या बनवतात ती साधी पांढरी माती, आम्लात मुरवून भाजलेली. वाफेचं तेल करणाऱ्या महागड्या परदेशी भुकटीचं काम ती करायची. ‘ही माती कसलंही प्लास्टिक पचवते, निवडायची गरज नाही,’ असं सरांनी आपल्या प्रबंधात लिहिलं होतं. त्यामुळे हजेरीपटावर लताबाई निवडणाऱ्या नव्हे, सफाई कामगार होत्या. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. डावीकडचा ढीग टाकीत गेला तर आम्ल सुटतं आणि सगळं खाऊन टाकतं, हे सरांनीच त्यांना सांगितलं होतं.

“मावशी, तुम्ही आहात म्हणून माझी माती वाचते,” ते हसत म्हणाले होते.

दिवाळीनंतर लताबाईंना ताप आला. चौथ्या दिवशी उठल्या, गॅसवर दूध ठेवून शेजारीच बसल्या.

“आई, करपलं ना गं सगळं! वास नाही येत तुला?” लेक, दर्शना, बाहेरून ओरडत आली.

नव्हता येत.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. नाक गेलं म्हणजे काम गेलं, आणि पुन्हा उन्हातल्या ढिगावर बसायला आता गुडघे साथ देणार नव्हते. त्या तुकडे पेटवत राहिल्या, धूर नाकाशी धरत राहिल्या आणि डोळ्यांनी निवडत राहिल्या. पाइप, रेक्झिन, गोळ्यांची पाकिटं डोळ्यांना कळतात. मग एका दुकानातून चादरींच्या पारदर्शक पिशव्यांचे गठ्ठे आले. दुधाच्या पिशव्यांसारख्या मऊ होत्या. लताबाईंनी उजवीकडे टाकल्या.

तीन आठवड्यांत तेल काळं पडलं. नळी आतून खाल्ली गेली. माती गोळे होऊन बसली. पैसे पुरवणाऱ्यांची माणसं येऊन बघून गेली.

“या मातीत माझी सहा वर्षं गेली, मावशी,” सर एवढंच म्हणाले. त्यांचा डबा तसाच परत गेला.

लताबाईंना त्या रात्री झोप नाही. सकाळी त्या सरांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“सर, मातीत काही खोट नाही. घाण मीच टाकली. मला वास येत नाही, दिवाळीपासून.”

सरांना पटेना. लताबाईंनी चादरीच्या पिशवीचा कोपरा पेटवला, विझवला आणि पुढे धरला. “घ्या वास.”

ते खोकत मागे सरले. डोळ्यांतून पाणी आलं. कळलं त्यांना. आता ओरडतील, काढून टाकतील, म्हणून लताबाई पदर आवळून उभ्या होत्या.

सर उठले आणि दार लावून आले.

“कुणाला बोललात हे?”

“नाही.”

“बोलू नका. काय सांगू मी लोकांना? चार वर्षं एक बाई निवडत होती म्हणून माती चालली? माझी पीएचडी आहे त्यावर. प्रयोग फसला तर चालतं, खोटं लिहिलं हे कळलं तर सगळी वाट लागेल.”

“पण खरं तेच आहे ना, सर? दुसरी बाई बसवा, मी शिकवते तिला. चालेल तुमची माती.”

“अहवाल गेला काल. माती टिकत नाही, असं लिहिलंय. महिनाअखेर गाळा बंद.” ते खिडकीकडे बघत होते. “तेवढी टाकी साफ करून द्या.”

लताबाईंना दोन दिवस लागले. आत वाकून त्यांनी ती सगळी माती खरवडली, गोण्यांत भरली. कचऱ्याच्या गाडीवाल्याने गोणी उचलून पाहिली.

“काय आहे गं मावशी यात? दगड भरलेत काय?”

“खराब माल आहे,” लताबाई म्हणाल्या. “घेऊन जा.”