एर्सिलियाबाईंनी उसवलेला कोट

इटलीतल्या आमच्या आस्कोली गावात बायकांनी पाळायचा एक नियम आहे. तो चर्चमध्ये शिकवत नाहीत, पण मोडला तर पाप चर्चपेक्षा मोठं लागतं. कुणी म्हणालं, "काय सुंदर कोट आहे गं!" की आपण खाली बघायचं, जणू कोट अंगावर आहे हे आत्ताच कळलं, आणि म्हणायचं, "हा होय? जुनाच आहे. कपाटात हात घातला, लागला तो घातला." एवढं बोलून पुढे चालायला लागायचं.

हे वाक्य म्हणण्यात माझा हात धरणारी गावात कुणी नव्हती. आरशासमोर पाऊण तास घालवून मी बाहेर पडायचे आणि "हात घातला, लागला तो" असं इतक्या सहज म्हणायचे की ते माझं मलाही खरं वाटायचं.

माझं नाव नीवेस. नगरपालिकेत दाखले आणि अर्जांच्या खिडकीवर बसते. गावातल्या प्रत्येक बाईचं खरं वय मला ठाऊक आहे, त्यामुळे सगळ्या माझ्याशी जरा गोडच बोलतात. देवाने मला घडवताना त्याचं लक्ष दुसरीकडे असावं. डावा खांदा उजव्याहून खाली, हात आखूड, आणि कंबर नक्की कुठे ठेवायची हे त्याने शेवटपर्यंत ठरवलंच नाही. दुकानातला कपडा जसाच्या तसा घातला तर मी पोत्यात भरलेल्या भोपळ्यासारखी दिसते. तरीही संध्याकाळी चौकात फेरी मारताना लोक म्हणायचे, "नीवेसला बघा, काही न करता कशी छान दिसते!"

ते जे 'काही न करता' होतं, ते करणाऱ्या बाईचं नाव एर्सिलिया पालेर्मी.

एर्सिलियाबाई अकराव्या वर्षी पुरुषांचे सूट शिवणाऱ्या एका शिंप्याकडे कामाला लागल्या. पोरीच्या हातात कात्री द्यायची नाही असा त्याचा बाणा, म्हणून त्याने त्यांना उसवायला बसवलं. चार वर्षं त्यांनी एक टाका घातला नाही, फक्त काढले. "शिवताना काही कळत नाही," असं त्या म्हणायच्या, "कपडा कशाच्या जोरावर उभा आहे ते उसवताना कळतं." पुढे लग्न झालं, नवरा ट्रक चालवायचा, तो लवकर गेला. एक मुलगी अँकोनात नोकरीला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत त्यांनी चाळीस वर्षं गावाचे कपडे अंगासारखे करून दिले.

त्या खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असायचा. आरसा दिसला की बाई पोट आत घेते आणि माप खोटं येतं, असं त्यांचं मत. तोंडात टाचण्या धरून त्या हुकूम सोडायच्या, "बस. वाक. ती पिशवी उचल. आता भांड."

"कुणाशी?"

"माझ्याशी. तुझ्या आईचा स्वयंपाक बेचव होता."

"काहीतरीच काय! माझ्या आईसारख्या भरलेल्या ऑलिव्ह गावात कुणी..." असं म्हणत माझे हात हवेत गेले, की तेवढ्यात त्या काखेत टाचणी लावून मोकळ्या. फोटोत कुणाचाही कपडा बसतो, भांडताना बसला तर खरा, हा त्यांचा सिद्धांत. आमच्या गावात तो लागू पडणारच, इथे आम्ही बोलतो कमी आणि भांडतो जास्त.

त्यांच्या दारावर पाटी नव्हती. पाटी असती तर कोण गेलं असतं? मी कपडे नेत असे ते मागच्या दाराने, भाजीच्या पिशवीत, वर पालकाची जुडी टाकून. जिन्यात दुसरी कुणी भेटलीच तर दोघीही सांगायच्या, "तिसऱ्या मजल्यावरच्या वांदाबाईंना बघायला चाललेय, बरं नसतं हो त्यांना." वांदाबाई वारल्या तरी पुढची तीन वर्षं आम्ही त्यांना बघायला जात होतो. त्यांच्या मृत्यूचा दाखला मीच माझ्या हाताने दिला होता.

आणि सगळ्यात वाईट ते आता सांगते. चौकात एर्सिलियाबाई समोरून आल्या की आम्ही त्यांना ओळख दाखवायचो नाही. ओळख दाखवली तर लोक म्हणणार, ही हिला कशी ओळखते? बावीस वर्षं माझ्या शरीराचा प्रत्येक खड्डा आणि उंचवटा ज्यांना पाठ, त्यांना मी चौकात मान लववून नमस्कारही केला नाही. त्याही समजून दुसरीकडे बघायच्या.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात त्या माझ्या खिडकीशी आल्या. रांगेत उभ्या राहून, अगदी परक्यासारख्या.

"दुकान बंद करायचा अर्ज हवा होता."

मी हळू आवाजात विचारलं, "कुणाचं दुकान?"

"माझंच की. मुलगी बोलावतेय अँकोनाला. अकरा वर्षांत जिन्यावर नवं पाऊल वाजलेलं नाही, पोरी. तरुण मुलींना मी आहे हेच माहीत नाही. कोण सांगणार त्यांना? नाताळपर्यंत बघते, नाहीतर हा भरून आणून देते."

मी चार पानी अर्ज दिला. आमच्या नगरपालिकेचे अर्ज एका बाजूनेच छापलेले असतात, मागची बाजू कोरी. मागे रांग होती म्हणून मी जास्त बोलले नाही. खरं म्हणजे रांगेत ओळखीच्या दोघी होत्या म्हणून बोलले नाही.

त्याच आठवड्यात पॅरिसहून एका मासिकाची मुलगी आली. फ्रेंच आणि इटालियन बायका काही न करता इतक्या नीटस कशा दिसतात, यावर तिला लिहायचं होतं. चौकात तिने नेमकं मला थांबवलं. मी अंगात लिननचं जाकीट घातलं होतं, तीन वेळा माप देऊन बसवून घेतलेलं. तिने फोटो काढला आणि विचारलं, "हे कुणी शिवलं?"

तिच्या मागे दोन पावलांवर एर्सिलियाबाई उभ्या होत्या, हातात तळलेल्या ऑलिव्हचा कागदी पुडा. त्या माझ्याकडेच बघत होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चौकात नजर वळवली नव्हती.

आणि मी म्हणाले, "हे होय? जुनंच आहे. शिवतंय कोण? कपाटात हात घातला, लागलं ते घातलं."

ती मुलगी खूश झाली. मी तिच्या गळ्यातल्या रुमालाचं कौतुक केलं तर खांदे उडवून म्हणाली, "आजीच्या पेटीत पडला होता." म्हणजे थापा फ्रेंच बायकाही मारतात, फक्त कंटाळलेलं तोंड करून मारतात. मी मान वर केली तेव्हा एर्सिलियाबाई गेलेल्या होत्या. पुडा कठड्यावर तसाच होता, भरलेला.

ऑक्टोबरात मासिक आलं. माझा फोटो अर्धं पान, खाली माझं वाक्य. मला लाज वाटायला हवी होती. मी सहा प्रती घेतल्या.

आता कोटाचं. दर मे महिन्यात माझा उंटाच्या रंगाचा लोकरी कोट एर्सिलियाबाईंकडे जातो आणि ऑक्टोबरअखेर परत येतो, त्या वर्षी माझं जे काही सुटलं किंवा आटलं असेल त्याप्रमाणे. मूळचा तो सेलमध्ये घेतलेला, दोन मापं मोठा. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, गाव शेवंती घेऊन दफनभूमीत जातं आणि तिथून चौकात येतं. त्या दिवशी थंडी असो वा नसो, कोट बाहेर पडतोच. आम्ही घामाने निथळतो, पण बटण उघडत नाही. त्या वर्षी तर सगळं गाव माझ्या कोटाची वाट बघत असणार होतं.

आदल्या दिवशी एर्सिलियाबाईंनी कागदात बांधलेला कोट न बोलता हातात दिला. मी नेहमीसारखा न बघता आणला. सकाळी घातला आणि आरशात माझे बाबा दिसले, त्यांच्या शेवटच्या आजारातले. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांच्या पुढे, कंबर गायब. फाटलं कुठेच नव्हतं, डाग नव्हता, इस्त्री कडक होती. फक्त बावीस वर्षांचा एकूण एक टाका काढलेला होता. खिशात लिंबाएवढा दोऱ्यांचा गोळा होता आणि चिठ्ठी: "हात घातला, लागला तो."

संताप संताप झाला. तशीच निघाले, पालकाची जुडी न घेता, पुढच्या दाराने जिना चढले.

"माझा कोट बिघडवलात!"

एर्सिलियाबाई खोक्यांमध्ये बसल्या होत्या. शिवणयंत्रावर चादर घातलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या कोटाला मी हातही लावलेला नाही. माझं होतं तेवढं काढून घेतलं."

"आता मी चौकात कशी जाऊ?"

"जशी आहेस तशी."

"आत्ताच्या आत्ता शिवून द्या."

"सणाच्या दिवशी मी सुईला शिवत नाही. आणि नाताळनंतर कुठल्याच दिवशी नाही." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. तिथे तो अर्ज होता, पहिलं पान भरलेलं.

मी खोक्यावर बसले. माझा राग कुठे गेला कळलं नाही, आणि रडू आलं. एका कोटासाठी सत्तेचाळिसाव्या वर्षी रडणारी बाई मी, पण ते कोटासाठी नव्हतं. मी म्हणाले, "चुकलं माझं. माफ करा."

"माफी काय करू मी? माफीला ना अस्तर लागत, ना बाह्या. मला त्या जिन्यावर एक नवं पाऊल ऐकायचं होतं, नीवेस. एक नाव घ्यायचं होतंस. तीन सेकंद लागले असते."

"चला माझ्याबरोबर चौकात," मी म्हणाले.

"या कोटात?"

"या कोटात."

आम्ही हातात हात घालून निघालो. आमचा चौक संगमरवरासारखा गुळगुळीत आहे, त्यावर माझा कोट झाडू मारत होता. पहिल्याच वळणावर बेकरीवाली ग्राझिएला आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आवाज गोड करून म्हणाली, "वा, नीवेस! ही नवी फॅशन का?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "हा होय? जुनाच आहे."

शेजारून एर्सिलियाबाईंनी नाकातून आवाज काढला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी तर त्यानंतरही जाईल की नाही शंका आहे. मी जीभ चावली, बाहीतून कसाबसा हात बाहेर काढला आणि चौकातल्या खुर्च्यांवर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खोटं बोलले. हा कोट मी विकत घेतला तसा आहे. तुम्ही बावीस वर्षं पाहिलात तो यांनी शिवला होता. एर्सिलिया पालेर्मी. सोस्तीच्या गल्लीत, दुसरा मजला. माझ्या अंगावरचा प्रत्येक कपडा यांचा आहे."

चौकात चमचे वाजायचे थांबले. सगळ्या बायका आभाळाकडे, बुटांकडे, कबुतरांकडे बघायला लागल्या. ग्राझिएला म्हणाली, "कोण एर्सिलिया?" तिच्या अंगावरच्या कोटाची कॉलर एर्सिलियाबाईंनी बदललेली होती, पिशवीतून डोकावताना मी स्वतः पाहिली होती.

एर्सिलियाबाईंचा हात माझ्या हातातून सुटायला लागला. मी सोडला नाही.

तेवढ्यात ओलिंपियाबाई उठल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, गावातली सगळ्यात रुबाबदार बाई. त्या काठी टेकत आल्या, आणि एक नोव्हेंबरला, भर चौकात, त्यांनी कोटाची बटणं उघडली. आतलं अस्तर उलटून दाखवलं. "चौसष्ट सालापासून," त्या म्हणाल्या. "माझी कंबर जन्मजात आहे असं मी नवऱ्यालाही सांगितलं होतं. बिचारा तसाच गेला." मग त्यांनी एर्सिलियाबाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ग्राझिएलाकडे वळून म्हणाल्या, "तुझी कॉलर छान बसलीय हो."

लगेच सगळं गाव पाया पडलं असं समजू नका. बाकीच्यांनी विषय बदलून चेस्टनटचा भाव काढला. पण सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कोट घेऊन जिना चढत होते, तर मागून एक पंचविशीची मुलगी आली. जीभ सवयीने वळली, "मी वांदाबाईंना बघायला..."

"मी एर्सिलियाबाईंकडे," ती म्हणाली. "ओलिंपियाबाईंनी पाठवलंय." तिच्या पिशवीवर पालक नव्हता.

कोट परत शिवून मिळाला, पण डावी बाही बोटभर लांबच ठेवलेली. मी तक्रार केली तर उत्तर आलं, "राहू दे. लोक विचारतील."

अर्जाबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत, आणि विचारायचा मला धीर झाला नाही. डिसेंबरात रोज सकाळी खिडकी उघडली की मी आधी रांगेवर नजर टाकायचे. नाताळच्या दोन दिवस आधी त्या दिसल्या. पाचव्या नंबरवर, हातात घडी घातलेले कागद. पुढच्या चार जणांना मी काय दाखले दिले देव जाणे.

त्या समोर आल्या. मी सगळ्यांच्या देखत उठून उभी राहिले आणि म्हणाले, "या, एर्सिलियाबाई." त्यांनी कागद सरकवले. मी शिक्का उचलला आणि पहिलं पान उघडलं. सही नव्हती.

"मागे बघ," त्या म्हणाल्या.

चारही पानांच्या कोऱ्या बाजू पेन्सिलीने भरल्या होत्या. छाती, कंबर, खांदा, बाही. सात नावं होती, त्यातली पाच त्या जिन्यावर नवीन.

"जागा संपली," त्या म्हणाल्या. "कागद चांगला आहे तुमचा, जाड. दुकान बंद करायचे अजून आहेत का?"

मी अख्खा गठ्ठा दिला.