बारावी खुर्ची

आमच्या चर्चच्या घंटीवाल्याला सगळे कोमटराव म्हणायचे. घंटी वाजवणं, मेणबत्त्या लावणं, बाकं पुसणं ही त्याची रोजची कामं, पण नाव पडलं ते वर्षातल्या एका दिवसामुळे. पवित्र गुरुवारी संध्याकाळी फादर बारा माणसांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. त्या पाण्यात कोमटराव आधी कोपर बुडवून बघायचा, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. गरम नको, गारही नको. फादरांच्या हातांना सोसलं पाहिजे.

आता आतली गोष्ट सांगतो. त्याच दुपारी तीन वाजता वेदीमागच्या खोलीत कोमटराव ते बारा पाय आधीच धुऊन ठेवायचा. साबण, टाचा घासायचा दगड, नखं कापायची कात्री आणि शेवटी कोलन अत्तराचे दोन थेंब. प्रत्येकाचा फक्त उजवा पाय. डाव्याने कुठली पापं केली असली तर ती त्याची त्याने निस्तरावीत. संध्याकाळी फादर गुडघे टेकून त्या गुळगुळीत पायांवर पाणी ओतायचे, टॉवेलने टिपायचे, वर ओठ टेकवायचे. त्यांचे डोळे भरून यायचे. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ते खरंच रडायचे. पंचाईत तीच होती.

बाराजणही निवडक. डॉक्टर, हेडमास्तर, लाकडाचा व्यापारी असे अकरा भरलेल्या पोटाचे आणि एक गरीब. गरीब म्हणजे एक निवृत्त पहारेकरी, स्वच्छ, दाढी केलेला. नऊ वर्षं ओळीने तोच. आम्ही त्याला कायम नेमणुकीचा गरीब म्हणायचो. त्या वर्षी तो मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेला आणि बारावी खुर्ची रिकामी झाली.

कोमटरावची बायको, जिला सगळे मावशी म्हणायचे, चर्चचे कपडे इस्त्री करायची. वेदीवरची वस्त्रं, फादरांचे झगे आणि पवित्र गुरुवारचे बारा टॉवेल. अठ्ठावीस वर्षं उभ्याने इस्त्री करून तिच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. त्यात साखर. डाव्या घोट्यावरची जखम दोन वर्षं भरत नव्हती. शेवटी सर्जनने हात टेकले आणि तारीख दिली: ईस्टरनंतरचा सोमवार, गुडघ्याखालून.

मावशी तोंडाची फटकळ. डॉक्टरांना तिने विचारलं म्हणे, की पाय काढल्यावर चपला अर्ध्या किमतीत मिळतील का. पण घरी आल्यावर तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. लग्नानंतर बहुधा पहिलीच.

"अहो, जायच्या आधी एकदा तो पाय प्रभूच्या नावाने धुतला जाऊ द्या. इतकी वर्षं टॉवेल दिले मी. एक माझ्या पायाला लागू दे."

कोमटराव दबकतच फादरांकडे गेला. फादर खुर्चीवरून उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की विचारायचं काय त्यात, तिचा तर पहिला मान. कोमटराव हवेत तरंगत बाहेर आला. दारापर्यंत पोचला तेव्हा फादरांनी मागून हलकेच आठवण केली, की उजवा पाय पुढे करायला सांग हं.

हे ऐकून मावशी म्हणाली, "उजवा तर माझ्याकडे राहणारच आहे."

गुरुवारी दुपारी आम्ही अकराजण वेदीमागच्या खोलीत भिंतीला लागून बसलो होतो, पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळून. होय, त्या वर्षी मीही होतो. शेवटच्या खुर्चीवर मावशी, धुवट पांढऱ्या कपड्यांत. आमचे पाय आटोपून कोमटराव तिच्यासमोर बसला. तिने डावा पुढे केला. तो क्षणभर थांबला, मग पट्टी सोडायला लागला. फार हळू, कापड चिकटेल तिथे पाणी सोडत. खोलीत वास पसरला. लाकडाच्या व्यापाऱ्याने रुमाल नाकाला लावला आणि सर्दी झाल्यासारखं केलं.

तेवढ्यात फादर आत आले. मावशीकडे बघून गोड हसले, विचारपूस केली. जखमेकडे एकदाच पाहिलं. मग कोमटरावला दाराशी बोलावलं. दार अर्धंच लोटलेलं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. फादर म्हणाले की माझी काहीच हरकत नाही, माझं काय, मी तर सेवक. पण आज बिशप येताहेत, फोटो काढणारा येतोय, लहान मुलं पुढे बसतात, कुणाला त्रास व्हायचा. "मी नाही म्हणत नाही रे. तूच ठरव. तू समजूतदार आहेस."

तीस वर्षांत फादरांनी त्याला ठरवायला दिलेली ही पहिली गोष्ट.

कोमटराव परत येऊन बसला. पाण्यात कोपर बुडवलं, बाहेर काढलं. मग पट्टी पुन्हा गुंडाळायला लागला.

मावशीने विचारलं, "फादर नको म्हणाले?"

"नाही," तो म्हणाला. "मीच म्हणतोय."

तिने त्याच्या डोक्याकडे नुसतं पाहिलं. त्याची मान खालीच होती. अकरा माणसं त्या खोलीत होती, त्यांत एक डॉक्टर, एक हेडमास्तर आणि एक मी, ज्याची जीभ एरवी गल्लीत कुणाला सोडत नाही. आम्ही आपापल्या उजव्या पायाच्या बोटांकडे बघत राहिलो. छान धुतली होती. मावशीने पट्टीची गाठ स्वतः मारली, मोजा चढवला आणि भिंतीला धरत मागच्या दाराने बाहेर गेली.

संध्याकाळी अकरा पाय धुऊन झाले. फादर बाराव्या खुर्चीपाशी आले, रिकाम्या खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, की ही जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे, ज्याला कुणी बोलावत नाही त्याच्यासाठी. लोक हुंदके देऊन रडले. बिशपांनी चष्मा काढून पुसला. खांबापाशी कोमटराव पाण्याचं घंगाळ धरून उभा होता. ते त्याने खाली ठेवलं नाही की कलंडू दिलं नाही.

घरी जाऊन त्याने पाणी तापवलं. हे मला मावशीच्या बहिणीने सांगितलं, ती तिथेच होती. घंगाळ घेऊन तो बायकोच्या पायाशी बसला, तेव्हा तिने पाय वर ओढून घेतला आणि म्हणाली, "राहू द्या. तुमचे अकरा पुरे झाले." पाणी गार होईपर्यंत तो तिथेच बसून होता.

सोमवारी पाय गेला. फादर इस्पितळात दोनदा येऊन प्रार्थना करून गेले. कोमटराव खोलीबाहेर उभा राहिला.

रिकाम्या खुर्चीची आता प्रथाच झाली आहे. बाहेरगावची माणसं ती बघायला येतात; तिचा फोटो बिशपांच्या मासिकात छापून आला. दरवर्षी दुपारी कोमटराव अकरा पाय धुतो, मग ती खुर्ची पुसतो. मावशी चर्चला येत नाही. बसून इस्त्री करते. पवित्र गुरुवारचे टॉवेल मात्र तिच्याकडूनच येतात. अकराच लागतात, हे तिला माहीत आहे. ती बारा पाठवते.